आधी ऐकणारा ठरवा, मग यंत्र

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नागपुरात धरमपेठेत राहतो. चार वर्षांपूर्वी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची पहिली ओळख झाली आणि पुढे अंदमानातल्या स्वराज द्वीपला जाऊन आम्ही दोघांनीही 30 मीटरपर्यंतचे प्रशिक्षण पूर्ण केले. मागच्या हिवाळ्यात एका डाइव्हमध्ये प्रवाहाने आम्हाला गटापासून दूर नेले. वर आलो तेव्हा बोट दिसत होती, पण बोटीवरच्यांना आम्ही दिसत नव्हतो. ते शोधत आले तेव्हा 40 मिनिटे उलटली होती. येत्या फेब्रुवारीत मालदीवमध्ये आठ दिवस बोटीवर राहून डायव्हिंग करण्याचे ठरले आहे. पत्नीची अट अशी, की या वेळी सोबत संकटसूचक यंत्र हवे. अमेरिकेतला आतेभाऊ जानेवारीत येणार आहे व तो 'पीएलबी', म्हणजे अंगावर बाळगायचे संकटसूचक रेडिओयंत्र, आणायला तयार आहे. एक मित्र म्हणतो, त्यापेक्षा संदेश पाठवता येणारे सॅटेलाइट मेसेंजर घे. डाइव्ह शॉपवाले तिसरेच नाव सांगतात. खर्चाची तयारी 40 ते 50 हजारांची आहे. नेमके काय घ्यावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र दोनदा वाचले. बोट तुम्हाला दिसत होती आणि तुम्ही बोटीला दिसत नव्हता, या एका वाक्यात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पाण्याबाहेर असते ते फक्त डोके, आणि लाटांच्या चढउतारात ते नारळासारखे कधी दिसते, कधी दिसत नाही. प्रवाह दोन नॉटचा धरला, तर तासाला सुमारे 3.7 किलोमीटर आणि आपल्या 40 मिनिटांत जवळजवळ अडीच किलोमीटर अंतर कापले जाते. इतक्या अंतरावरचे डोके दुर्बिणीतूनही हाती लागणे कठीण असते. म्हणून यंत्राकडे वळण्याआधी एक गोष्ट विचारतो, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही : त्या दिवशी आपल्याजवळ फुगवून उभी करण्याची सिग्नल ट्यूब, म्हणजे एसएमबी, होती का? नसावी, असे वाटते. मालदीवच्या नियमांनुसार ती प्रत्येक डायव्हरजवळ असावीच लागते. ती दोघांसाठी दोन घ्या, दीड मीटरपेक्षा लांब घ्या, आणि सोबत शिट्टी, छोटा आरसा व दिवा ठेवा. हा सगळा खर्च यंत्राच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ आहे. यंत्र कोणतेही घेतले तरी शेवटच्या काही शे मीटरांत शोधणाऱ्याच्या डोळ्यांना हीच ट्यूब दिसणार आहे.

आता यंत्राविषयी. या साधनांच्या जाहिराती वाचताना 'कोणते चांगले' हा प्रश्न मनात येतो, आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो. प्रत्येक यंत्र हाक मारते. प्रश्न आहे तो हाक ऐकणार कोण, हा. ऐकणारा एक तर आपलीच बोट व आसपासची जहाजे असतात, नाही तर आकाशातले उपग्रह आणि त्यांच्यामार्फत त्या देशाचे तटरक्षक दल. हे दोन श्रोते वेगळे, त्यांच्याकडे जाणाऱ्या लहरी वेगळ्या, मदत पोचायला लागणारा वेळही वेगळा. आपल्याला कोणाची मदत हवी आहे हे ठरले, की दुकानातली निम्मी यंत्रे आपोआप बाद होतात.

त्याआधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो सुशिक्षित डायव्हरांमध्येही आढळतो. यांपैकी कोणतेही यंत्र पाण्याखालून काम करत नाही. खाऱ्या पाण्यात या रेडिओलहरी काही सेंटिमीटरांतच विरून जातात आणि जीपीएसचे संकेतही खाली पोचत नाहीत. पृष्ठभागावर येऊन, बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगण्याचे जॅकेट, पूर्ण फुगवून, अँटेना पाण्याबाहेर उभी धरल्यावरच हाक निघते. म्हणजे हे साधन पाण्याखाली झालेल्या अपघातासाठी नाही. वर आलेला, शुद्धीवर असलेला, पण हरवलेला डायव्हर हाच त्याचा धनी.

पहिला प्रकार एआयएसचा. मोठी जहाजे आपली ओळख व स्थान ज्या व्हीएचएफ पट्ट्यातून सतत प्रक्षेपित करतात, त्याच पट्ट्यात, 162 मेगाहर्ट्झच्या आसपास, हे छोटे यंत्र आपले जीपीएस स्थान पाठवते आणि एआयएस असलेल्या प्रत्येक बोटीच्या पडद्यावर ते खूण म्हणून उमटते. अशा यंत्राचा ओळखक्रमांक 972 ने सुरू होतो, त्यामुळे माणूस पाण्यात आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळते. डाइव्ह शॉपवाल्यांनी सांगितलेले तिसरे नाव बहुधा 'नॉटिलस लाइफलाइन'चे असावे. ते मुळातच डायव्हरांसाठी घडवले आहे, झाकण बंद असताना 130 मीटर खोलीपर्यंत टिकते आणि एआयएससोबत डीएससी नावाच्या सागरी रेडिओपद्धतीनेही इशारा देते. ही डीएससीची सोय नेमकी आपल्या बोटीला उद्देशून वापरायची असेल, तर बोटीचा एमएमएसआय, म्हणजे नऊ अंकी रेडिओ-ओळखक्रमांक, आधी यंत्रात भरून ठेवावा लागतो.

या प्रकाराची मोठी खुबी म्हणजे वेग. आपली बोट दोन किलोमीटरवर असेल, तर ती दहा मिनिटांत येऊ शकते. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वक्रतेआड अडतात. पाण्यावर फूटभर उंच धरलेली अँटेना आणि बोटीवर तीन मीटर उंचीची अँटेना असेल, तर अंतर फार तर नऊ-दहा किलोमीटर भरते. मालवाहू जहाजाची अँटेना 30 मीटर उंच असेल, तर ते 25 किलोमीटरच्या आसपास जाते. मी हॅम रेडिओचा परवानाधारक असल्याने हे गणित गच्चीवरच्या अँटेनांसाठी अनेकदा केले आहे. जाहिरातीत लिहिलेली मोठी अंतरे उंच अँटेनेची आणि शांत समुद्राची असतात, हे लक्षात ठेवावे. आणि बोटीवर एआयएसचा ग्राहक, म्हणजे संकेत पकडणारा रिसीव्हर, नसेलच, तर सारेच व्यर्थ. मालवणच्या किंवा नेत्राणीच्या बाजूला ज्या लहान फायबर होड्यांतून आपण डाइव्हला जातो, त्यांवर तो सहसा नसतो.

दुसरा प्रकार 406 मेगाहर्ट्झच्या पीएलबीचा, म्हणजे आतेभाऊ आणणार आहे त्याचा. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका व तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी मिळून उभी केलेली कोस्पास-सारसॅट ही उपग्रहव्यवस्था त्याची हाक ऐकते. 1982 पासून ती माणसे वाचवत आली आहे. भारतही तिच्यात सहभागी असून आपली भूकेंद्रे बेंगळुरू व लखनौ येथे आहेत, तर मुख्य नियंत्रण केंद्र इस्रोच्या बेंगळुरूमधील इस्ट्रॅक या संस्थेत आहे. पीएलबी सुरू केले, की ते दर 50 सेकंदांच्या सुमारास अर्ध्या सेकंदाचा जोरकस संकेत पाठवते. त्यात यंत्राची ओळख असते आणि जीपीएस असल्यास स्थानही असते. भारतीय समुद्रात हा इशारा बेंगळुरूहून तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई किंवा श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथील बचाव समन्वय केंद्राकडे जातो. सोबत 121.5 मेगाहर्ट्झवर एक क्षीण संकेत चालू राहतो, ज्याच्या रोखाने शोधपथक शेवटचे अंतर कापते. बॅटरी किमान 24 तास चालावी असा दंडक आहे. वर्गणी नसते, मासिक शुल्क नसते.

याची खुबी ही, की बोट कुठे आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका अमेरिकन दांपत्याला पाण्यातच सोडून त्यांची बोट किनाऱ्यावर परतली. शिरगणती चुकली होती, आणि ते मागे राहिल्याचे ध्यानात आले तेव्हा दोन दिवस लोटले होते. ते दोघे कधीच सापडले नाहीत. अशा प्रसंगी आपल्या बोटीला हाक मारणारे यंत्र निरुपयोगी, कारण ऐकणारा निघून गेलेला असतो. उपग्रहाला मारलेली हाक मात्र पोचते. तोटा वेळेचा आहे. इशारा काही मिनिटांत पोचला, तरी खात्री करणे, जहाज किंवा हेलिकॉप्टर काढणे आणि प्रत्यक्ष तिथवर येणे यांत काही तास जाऊ शकतात. तोवर तरंगत राहण्याची तयारी ठेवावी लागते.

पण डायव्हरच्या दृष्टीने पीएलबीत खरी अडचण खोलीची आहे. ही यंत्रे नौकानयन करणाऱ्यांसाठी व गिर्यारोहकांसाठी बनवलेली असल्याने त्यांची पाणरोधकता साधारण 5 ते 15 मीटरपर्यंतचीच असते, तीही काहींत मोजक्या मिनिटांसाठी. आपण 30 मीटरवर जाता. तिथे दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. म्हणून पीएलबीला स्वतंत्र दाबरोधक डबी हवीच. अशा अॅल्युमिनियमच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्या मिळतात. घेताना डबी कोणत्या नेमक्या मॉडेलच्या मापाची आहे ते पाहा आणि ओले हातमोजे घालून ती उघडून बघा. यंत्र आत घालण्यापूर्वी रिकाम्या डबीत टिपकागद ठेवून तिला एक डाइव्ह करवा. माझी पहिली डबी जलतरण तलावाच्या चार मीटर खोलीतही भिजली, आणि कारण होते ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, बसलेला एक केस. तेव्हापासून ओ-रिंग बोटाने चाचपून, सिलिकॉन ग्रीसचे अगदी बारीक बोट फिरवून मगच मी झाकण लावतो. आणखी एक गंमत सांगतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे. इथे घट्ट बंद केलेली डबी किनाऱ्यावर पोचली, की बाहेरचा दाब आतल्यापेक्षा किंचित जास्त भरतो आणि झाकण थोडे आवळून बसते. फरक लहानसा असतो, तरी तिथे पोचल्यावर झाकण एकदा उघडून पुन्हा लावावे.

सॅटेलाइट मेसेंजरचा विचार मात्र मनातून काढून टाका. त्यात संदेश पाठवता येतो, उत्तर येते, घरच्यांना नकाशावर ठिकाण दिसते, हे सारे खरे आहे. परंतु त्यातली प्रचलित यंत्रे जेमतेम एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतात, आणि त्याहून गंभीर बाब कायद्याची आहे. भारतात दूरसंचार विभागाच्या पूर्वपरवानगीशिवाय सॅटेलाइट फोन व तशी संदेशयंत्रे बाळगता येत नाहीत, आणि परदेशी पर्यटकांना याच कारणावरून आपल्या विमानतळांवर अडवून पोलिसांच्या ताब्यात दिल्याचे प्रकार घडलेले आहेत. आपण नागपूरहून निघणार, मुंबई किंवा बेंगळुरूला विमान बदलणार आणि त्याच वाटेने परतणार. तीन-चार सुरक्षातपासण्यांत प्रत्येक वेळी हे समजावत बसणे, हा सुट्टीचा कार्यक्रम होऊ शकत नाही.

पीएलबी हे त्यापेक्षा वेगळे साधन आहे. त्यावरून संभाषण होत नाही. तरीही ते रेडिओ प्रक्षेपक आहे, आणि अशा साधनांच्या आयातीवर व मान्यतेवर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचे नियंत्रण असते. म्हणून आतेभावाला 'घेऊन ये' असे आज तरी सांगू नका. याला दुसरेही कारण आहे. प्रत्येक पीएलबीत 15 अक्षरांचा ओळखसंकेत भरलेला असतो आणि त्यात देशाचा क्रमांक गुंफलेला असतो. भारताचा 419 आहे. अमेरिकेतल्या दुकानातून घेतलेल्या यंत्रात अमेरिकेचा क्रमांक असतो आणि त्याची नोंदणी तिथल्या 'नोआ' या संस्थेकडे होते. यंत्र वाजले, की शोधकर्ते आधी त्या देशाच्या नोंदवहीत पाहतात. तिथे आपल्या आतेभावाचे नाव, न्यू जर्सीचा पत्ता आणि त्याचा झोपेतला फोन निघाला, तर पहिला तास चौकशीतच जाईल. नोंदणीच नसेल, तर मदत येणारच नाही असे नव्हे, पण हाक खरी की चुकून दाबलेले बटण, हे ठरवायला वेळ लागतो. त्यामुळे क्रम असा ठेवा : आधी डब्ल्यूपीसी व इस्ट्रॅक यांना लिहून पीएलबीविषयी लेखी उत्तर घ्या, नंतर भारताच्या संकेताने भरलेले यंत्र अधिकृत विक्रेत्याकडून मागवा, त्याची बेंगळुरूच्या केंद्राकडे नोंदणी करा, आणि नोंदणीची प्रत यंत्रासोबत पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. सरकारी पत्रव्यवहाराला किती वेळ लागतो हे आपण नागपूरकर चांगले ओळखून आहोत. फेब्रुवारीपर्यंत हे सारे न जमण्याची शक्यता मी गृहीत धरतो.

तेव्हा फेब्रुवारीपुरता माझा सल्ला सांगतो. मालदीवच्या आपल्या बोटचालकाला आजच पत्र लिहून तीन गोष्टी विचारा : मुख्य बोटीवर आणि डाइव्हला नेणाऱ्या धोणीवर, म्हणजे छोट्या बोटीवर, एआयएस ग्राहक आहे का, डायव्हरांना एआयएस यंत्रे बोटीकडून मिळतात का, आणि प्रत्येक डाइव्हनंतर नाव घेऊन हजेरी होते का. राहत्या बोटीवरून डायव्हिंग करवणारे अनेक व्यावसायिक अशी यंत्रे ठेवतात, आणि तसे असेल तर दोघांसाठी दोन मागून घ्या. आपल्या सहलीत धोका आहे तो बोट जवळ असताना न दिसण्याचा, कारण मालदीवच्या खिंडींतल्या डाइव्ह प्रवाहाबरोबर वाहत जाण्याच्याच असतात आणि धोणी मागावर असते. तिथे जवळचा श्रोता अधिक कामाचा. बोटीकडे यंत्रे नसली, पण एआयएस ग्राहक असला, तर एआयएस यंत्राचाच विचार करा, अर्थात डब्ल्यूपीसीची अट त्यालाही लागू आहे हे धरून. ग्राहकही नसला आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर बोट बदलणे हे मला कोणतेही यंत्र घेण्यापेक्षा शहाणपणाचे वाटते.

पुढच्या वर्षांसाठी, अंदमान आणि लक्षद्वीपचा विचार करून, भारतीय नोंदणीचा एक पीएलबी दोघांत घ्यावा, असे माझे मत आहे. अलीकडे 406 आणि एआयएस दोन्ही एकाच कवचात असणारी यंत्रेही आली आहेत. त्यांतल्या काहींना गॅलिलिओ उपग्रहांमार्फत 'इशारा मिळाला' अशी पोचही येते, पण ही सोय यंत्र कोणत्या देशाच्या संकेताचे आहे त्यावर अवलंबून असते. जमले तर असे जोडयंत्र घ्या. डबी मात्र त्यालाही लागेल. अमेरिकेत साध्या पीएलबीची किंमत साधारण 300 ते 400 डॉलर असते. जोडयंत्र त्याहून महाग पडते आणि डबीचा खर्च वेगळा, म्हणजे आपल्या तयारीच्या जवळपासच हिशेब जातो. यंत्र एकच असेल तर ते पत्नीच्या बीसीडीला लावायचे की आपल्या, हे घरीच ठरवा, आणि ज्याच्याकडे नाही त्याने बडीपासून, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदारापासून, हातभर अंतराच्या पुढे जायचे नाही, हेही. मालवणला मच्छीमाराच्या होडीतून जाण्याचा प्रसंग आला, तर तिच्यावर इस्रोने मच्छीमारांसाठी विकसित केलेले 'डॅट' हे संकटसूचक यंत्र आहे का ते विचारावे. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक होडीवाल्याच्या आणि आपल्याही फोनमध्ये असावा.

यंत्र घरी आले, की ते सांभाळण्याचा एक खास नागपुरी प्रश्न उरतो. मे महिन्यात आपला पारा 45 च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आतली उष्णता या यंत्रांच्या साठवणुकीच्या मर्यादेला सहज भिडू शकते. डायव्हिंगची बॅग वर्षभर डिकीत पडून राहते, तशी ती ठेवू नका. लिथियम बॅटरीचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचे असते, बाद होण्याची तारीख कवचावर छापलेली असते, आणि ती आपल्याला घरी बदलता येत नाही, अधिकृत केंद्राकडे पाठवावी लागते. खरेदी करताना नुसता सवलतीचा दर पाहू नका, ही तारीख वाचा. दुकानात दोन वर्षे पडलेले यंत्र स्वस्त मिळते ते उगाच नाही. सहलीपूर्वी स्वयंचाचणीचे बटण एकदाच दाबावे. खरा इशारा 'बघू या चालतो का' म्हणून सोडणे हा गुन्ह्याइतकाच गंभीर प्रकार आहे, कारण त्यावर खरी माणसे खरी जहाजे घेऊन निघतात. विमानात ते हातसामानात न्यावे, अँटेना उघडली जाणार नाही असे बांधावे, आणि बॅटरीविषयी विमान कंपनीला आधी विचारून ठेवावे.

राहता राहिला नोंदणीचा अर्ज. त्यात संपर्कासाठी व्यक्तींची नावे विचारतात, आणि बहुतेक जोडपी तिथे एकमेकांची नावे लिहितात. इशारा मिळाल्यावर बचाव केंद्र पहिला फोन याच क्रमांकावर करते, आणि आपण दोघेही त्या वेळी पाण्यात असाल. तिथे नागपुरातल्या अशा कुणाचे नाव द्या, जो रात्री दोन वाजता अनोळखी क्रमांकाचा फोन उचलेल. निघण्यापूर्वी त्याच्या हाती एक कागद ठेवा : बोटीचे नाव, चालकाचा क्रमांक, कोणत्या दिवशी कोणत्या बेटाजवळ डाइव्ह आहे, आणि तुमच्या दोघांच्या सूटचे व ट्यूबचे रंग.